अनेक भाषांच्या प्रोग्रामवर डीबगरची चाचणी: दोष सांध्यावर शोधा

एका भाषेतल्या प्रोग्रामवर डीबगर (चालता प्रोग्राम मधेच थांबवून आत डोकावण्याचे साधन) नीट चालतो, म्हणून तीन भाषांच्या प्रोग्रामवरही चालेल, असे धरून चालता येत नाही. सी++ मधले मुख्य फंक्शन फोर्ट्रानच्या सबरूटीनला बोलावते, ती सबरूटीन सी मध्ये उतरते आणि सी पुन्हा सी++ च्या कॉलबॅककडे जाते. अशा स्टॅकमध्ये (एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनच्या राशीत; तिचा एकेक थर म्हणजे फ्रेम) डीबगरला प्रत्येक भाषा सुटी-सुटी उत्तम येत असली, तरी एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये जाताना तो घसरू शकतो. ॲरेच्या ओळी-स्तंभांची अदलाबदल होते, स्ट्रिंग जिथे संपायला हवी तिथे संपत नाही, ब्रेकपॉइंटची (प्रोग्राम जिथे थांबवायचा त्या जागेची) अट भलत्याच भाषेत वाचली जाते. म्हणून इथे मेहनत भाषांवर नव्हे, त्यांच्या सांध्यांवर घ्यायची.

पुढची उदाहरणे मुख्यतः जीडीबी या डीबगरची आहेत. एलएलडीबी हा दुसरा डीबगर जिथे वेगळा वागतो तिथे तसे सांगितले आहे. कमांड, पर्याय आणि फंक्शनची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करावी लागतील.

आधी उत्तरे, मग प्रश्न

डीबगरच्या चाचणीत सर्रास होणारा प्रकार असा: प्रोग्राम डीबगरमध्ये चालवायचा, जे छापले जाईल ते उचलून ‘अपेक्षित आउटपुट’ म्हणून चाचणीत चिकटवायचे. यातून चाचणी तयार होते, पण आज असलेला दोषही तिच्यात कायमचा कोरला जातो. उद्या कोणी तो दुरुस्त केला की चाचणी नापास होईल आणि दुरुस्ती मागे घेतली जाईल.

अपेक्षित उत्तर डीबगरच्या बाहेरून यायला हवे. त्यासाठी तीन आधार पुरतात: भाषेचे प्रमाण काय सांगते, त्या प्लॅटफॉर्मचा एबीआय (कंपाइल झालेल्या कोडने एकमेकांशी बोलण्याचे नियम) काय सांगतो, आणि प्रोग्राम स्वतः काय छापतो. तिसरा आधार सर्वांत सोयीचा. ज्या व्हेरिएबलची तपासणी करायची, तो त्या-त्या भाषेतल्या छपाईच्या सोयीने प्रोग्रामनेच आधी छापावा आणि डीबगरचे उत्तर त्याच्याशी जुळवावे.

चाचणीचा प्रोग्राम

खरा, मोठा प्रोग्राम घेऊन सुरुवात करू नका. चार फ्रेम आणि तीन भाषा पुरेत: सी++ चे मेन, त्यातून फोर्ट्रान, फोर्ट्रानमधून सी, आणि सी मधून फंक्शन पॉइंटरने सी++ चा कॉलबॅक. सी++ दोनदा येते हे मुद्दाम. स्टॅक चढता-उतरताना डीबगरने आधीच्या फ्रेमची भाषा धरून ठेवली असेल, तर ते अशा पुनरावृत्तीत लवकर उघडे पडते.

आत भरायची मूल्ये निवडण्यातच अर्धे यश आहे. फोर्ट्रानमध्ये दोन ओळी आणि तीन स्तंभांचा पूर्णांकांचा ॲरे घ्या आणि प्रत्येक घरात त्याचाच निर्देशांक भरा: पहिल्या ओळीत ११, १२, १३ आणि दुसऱ्या ओळीत २१, २२, २३. फोर्ट्रान ॲरे स्तंभांच्या क्रमाने साठवते, त्यामुळे मेमरीत क्रम ११, २१, १२, २२, १३, २३ असा असतो. तीच मेमरी सी मध्ये तीन ओळी आणि दोन स्तंभांचा ॲरे म्हणून दिसते.

आता एक सापळा. बरेच जण पहिले आणि शेवटचे घर तपासून मोकळे होतात. पण (१,१) आणि (२,३) ही दोन्ही घरे साठवणीचा क्रम कोणताही धरला तरी त्याच जागी येतात. डीबगरने ओळी-स्तंभ उलटे वाचले तरी ती चाचणी बिनबोभाट पास होईल. तपासायचे घर (१,२). बरोबर वाचले तर १२ येईल, उलटे वाचले तर २१.

याखेरीज प्रोग्राममध्ये हवे ते असे: आठ अक्षरांची फोर्ट्रान स्ट्रिंग, जिच्यात फक्त तीन अक्षरे भरलेली आहेत आणि जिच्या लगेच पुढच्या मेमरीत मुद्दाम वेगळी अक्षरे ठेवली आहेत, एक लॉजिकल व्हेरिएबल, खालची सीमा उणे १ असलेला एक ॲरे, एक स्ट्रक्चर, जे फोर्ट्रानमध्ये बाइंड-सी (सी शी जुळवून घेण्याची खूण) लावून आणि सी मध्ये साध्या स्ट्रक्टने जाहीर केले आहे, आणि दोन भाषांत एकाच नावाचे फंक्शन, समजा ‘टोटल’.

प्रत्येक फाइल वेगळी कंपाइल करा, सुरुवातीला ‘-जी -ओ०’ (डीबग माहिती ठेवा, ऑप्टिमायझेशन बंद) लावून. मेन सी++ मध्ये असेल तेव्हा जी++ ने लिंक करताना फोर्ट्रानची रनटाइम लायब्ररी जोडावी लागते. मेन फोर्ट्रानमध्ये असलेली दुसरी आवृत्तीही बनवा, कारण जीडीबी सुरुवातीची भाषा मेनवरून ठरवतो. जीफोर्ट्रान हा कंपाइलर फोर्ट्रानच्या मुख्य प्रोग्रामभोवती सी-पद्धतीचे मेन स्वतःच तयार करतो. ‘स्टार्ट’ कमांडने थांबल्यावर आपण वापरकर्त्याच्या ओळीवर उभे आहोत की त्या तयार केलेल्या मेनमध्ये, हेही पाहा.

डीबगर उघडण्याआधी ड्वार्फ वाचा

चूक दिसली की दोष डीबगरच्या माथी मारण्याची घाई होते. प्रत्यक्षात बऱ्याचदा कंपाइलरने डीबगरसाठी ड्वार्फ या स्वरूपात लिहून ठेवलेली माहितीच अपुरी किंवा चुकीची असते. म्हणून आधी रीडएल्फच्या डीबग-डंपने किंवा एलएलव्हीएम-ड्वार्फडम्पने फाइलमधली माहिती उघडून बघा.

पहिली नजर प्रत्येक कंपाइल युनिटच्या (स्वतंत्र कंपाइल झालेल्या फाइलच्या) भाषेच्या खुणेवर. ड्वार्फमध्ये भाषा आकड्याने लिहिलेली असते: सी++ साठी ४, सी९९ साठी १२, रस्टसाठी २८, सी११ साठी २९. एकाच भाषेच्या वेगवेगळ्या प्रमाणांना वेगळे आकडे आहेत: सी++११ म्हणजे २६ आणि सी++१४ म्हणजे ३३, फोर्ट्रान ९५ म्हणजे १४ आणि फोर्ट्रान २००८ म्हणजे ३५. डीबगरने हे सगळे ओळखून योग्य भाषेशी जोडायला हवेत. एखाद्या नव्या प्रमाणाचा आकडा त्याच्या यादीत नसेल, तर तो निमूटपणे भलतीच भाषा धरतो. म्हणून प्रोग्राम भाषेच्या वेगवेगळ्या प्रमाणांसह कंपाइल करून बघणे ही स्वतंत्र चाचणी आहे. ग्नू असेंब्लरने बनवलेल्या युनिटमध्ये ३२७६९ दिसला तर दचकू नका. त्याचे नाव ‘मिप्स असेंब्लर’ असे आहे, आणि एक्स८६ वरही तोच आकडा येतो.

दुसरी नजर नावांवर. जीफोर्ट्रान बाहेरच्या सबरूटीनचे लिंकर नाव लहान अक्षरांत, शेवटी अंडरस्कोर लावून बनवतो, पण ड्वार्फमध्ये अंडरस्कोर नसलेले नाव असते. सी++ आणि रस्टमध्ये लिंकर नाव पूर्ण मँगल केलेले (टाइप वगैरे मिसळून सांकेतिक केलेले) असते. कोणते नाव कुठे आहे हे टिपून ठेवा. ब्रेकपॉइंटच्या वेळी लगेच लागेल.

ब्रेकपॉइंट

‘ब्रेक टोटल’ दिल्यावर जीडीबीने दोन ठिकाणे दाखवायला हवीत, एक सी मधले आणि एक फोर्ट्रानमधले. एकच मिळाले तर नाव शोधताना तो चालू भाषेपुरता मर्यादित राहतो आहे. मग हेच सी च्या फ्रेममध्ये थांबून, फोर्ट्रानच्या फ्रेममध्ये थांबून आणि प्रोग्राम सुरू होण्याआधी, असे तीन वेळा करा. उत्तर तिन्ही वेळी सारखे यायला हवे. फोर्ट्रानमध्ये मोठ्या-लहान अक्षरांचा भेद नसतो, सी मध्ये असतो. त्यामुळे मोठ्या अक्षरांत ‘टोटल’ दिल्यावर फक्त फोर्ट्रानचे ठिकाण सापडले तर ते योग्यच.

सशर्त ब्रेकपॉइंट हा सर्वांत फलदायी सांधा आहे. सी++ च्या फ्रेममध्ये थांबलेले असताना फोर्ट्रानच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा आणि अट फोर्ट्रानच्या कंसांत लिहा: ए(१,२) बरोबर १२. भाषा ‘ऑटो’वर असेल तर अट ब्रेकपॉइंटच्या जागेच्या भाषेत वाचली गेली पाहिजे, तुम्ही उभे असलेल्या फ्रेमच्या नव्हे. यामागे व्यवहारी कारण आहे: नवी शेअर्ड लायब्ररी लोड झाली की डीबगर जुन्या अटी पुन्हा वाचतो, आणि त्या क्षणी प्रोग्राम कोणत्या भाषेत थांबला आहे याचा त्या अटीशी काही संबंध नसतो. म्हणून चाचणीत अट लावल्यानंतर डीएलओपन या फंक्शनने एक लायब्ररी लोड करवा आणि अट शाबूत आहे का ते पाहा.

अजून लोड न झालेल्या लायब्ररीतले फंक्शन, म्हणजे पेंडिंग ब्रेकपॉइंट, हे पायथनच्या सी एक्स्टेंशनसाठी रोजचेच आहे. स्क्रिप्टमधून चाचणी चालवताना ‘सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन’ आधीच द्या.

स्टॅक चढताना भाषा बदलते का

सर्वांत आतल्या कॉलबॅकमध्ये थांबा आणि बॅकट्रेस (स्टॅकमधल्या फ्रेमची यादी) घ्या. चारही फ्रेम, बरोबर फाइल आणि बरोबर ओळ ही किमान अपेक्षा. ‘ऑटो’मध्ये प्रत्येक फ्रेमचे आर्ग्युमेंट त्या-त्या भाषेच्या पद्धतीने छापलेले दिसले पाहिजेत.

मग एक-एक ‘अप’ देत जा आणि दर ठिकाणी ‘शो लँग्वेज’ विचारा. पण एवढ्यावर विसंबू नका. डीबगर भाषेचे नाव बरोबर सांगेल आणि पार्सर जुनाच वापरेल, असेही घडू शकते. त्यावर सोपा उपाय म्हणजे १ == १ ची किंमत विचारणे. सी मध्ये १ येतो, सी++ आणि रस्टमध्ये ट्रू, फोर्ट्रानमध्ये दोन बाजूंना टिंब असलेले .ट्रू. येते. एका ओळीत पार्सर आणि छपाई दोन्हींची ओळख पटते. याच्या जोडीला १० % ३ विचारा. सी मध्ये उत्तर १, तर फोर्ट्रानमध्ये ते चिन्ह घटक निवडण्याचे असल्याने तिथे स्वच्छ एरर यायला हवा.

यानंतर मुद्दाम चुकीची भाषा लादा. ‘सेट लँग्वेज’ने क्रमाने सी, सी++, फोर्ट्रान, पास्कल, एडा, मॉड्युला-२ अशा भाषा लावून दर वेळी पूर्ण बॅकट्रेस घ्या. फ्रेमशी भाषा जुळत नसल्याची सूचना यावी. आउटपुट विचित्र दिसले तरी चालेल, डीबगर कोसळता किंवा अडकता कामा नये. एका भाषेच्या छपाईच्या कोडला दुसऱ्या भाषेचा टाइप मिळाला की अनंत रिकर्शन होण्याची शक्यता असते. ती इथेच सापडते. शेवटी ‘ऑटो’वर परत आणायला विसरू नका, नाहीतर पुढच्या सगळ्या चाचण्या चुकीच्या भाषेत चालतील.

मूल्ये

फोर्ट्रान फ्रेममध्ये ए(१,२) विचारा, १२ हवे. एक फ्रेम खाली सी मध्ये तीच जागा ए[१][०] आहे, तिथेही १२ हवे. मग कच्ची मेमरी ‘एक्स’ कमांडने सहा घरे बघून क्रम पडताळा. आता उलट दिशा: फोर्ट्रानमधून ए(१,२) मध्ये ९९ भरा, सी च्या फ्रेममध्ये वाचा, आणि प्रोग्राम पुढे चालवून त्यालाही छापू द्या. लिहिण्याची चाचणी बहुतेक जण वगळतात. ती वगळू नये.

सरळ ॲरे पास झाला की तुकड्यांकडे वळा. तिसऱ्या स्तंभापासून पहिल्यापर्यंत उलट क्रमाचा तुकडा अज्यूम्ड-शेप (आकार बोलावणाऱ्याकडून घेणारे) आर्ग्युमेंट म्हणून पाठवा. अशा ॲरेची सीमा, पाया आणि टप्पा डिस्क्रिप्टरमध्ये (ॲरेसोबतच्या वर्णनाच्या नोंदीत) असतो, आणि ड्वार्फमध्ये तो चालू वेळी मोजायच्या सूत्राच्या रूपात लिहिलेला असतो. टप्पा उणे असल्यावर डीबगरने १३, २३, १२, २२, ११, २१ असाच क्रम दाखवला पाहिजे. हाच ॲरे आयएसओ फोर्ट्रान बाइंडिंगच्या डिस्क्रिप्टरने सी कडे गेला, तर सी च्या फ्रेममध्ये तो साधे स्ट्रक्चर म्हणून दिसेल आणि त्यातली खालची सीमा ० असेल, फोर्ट्रानमध्ये मात्र १. दोन्ही बरोबर आहेत. असल्या जागी खोटे दोष नोंदवले जाण्याचा धोका असतो.

स्ट्रिंगचेही तसेच. फोर्ट्रान स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइट नसतो. लांबी कंपाइलर आर्ग्युमेंटच्या यादीच्या शेवटी लपवून पाठवतो. फोर्ट्रान फ्रेममध्ये तीन अक्षरे आणि पाच रिकाम्या जागा, बरोबर आठ, दिसाव्यात. सी मध्ये तोच पत्ता कॅरेक्टर पॉइंटर म्हणून छापला तर पुढची कचरा अक्षरेही येतील, आणि तो डीबगरचा दोष नाही. जीसीसीच्या ८ व्या आवृत्तीपासून ही लपलेली लांबी साइझ-टी प्रकाराची झाली. जुन्या एबीआयच्या भरवशावर लिहिलेला सी कोड जोडलेला असेल तर लांबी चुकण्याचे खापर डीबगरवर फोडण्याआधी हे तपासा.

लॉजिकल व्हेरिएबलमध्ये सी च्या बाजूने २ भरून बघा. सी साठी २ म्हणजेही ‘ट्रू’च; फोर्ट्रान फ्रेममध्ये डीबगर काय छापतो, आणि प्रोग्रामची इफ-शाखा कोणत्या वाटेने जाते, हे दोन्ही टिपा.

कन्व्हिनिअन्स व्हेरिएबल, म्हणजे डीबगरचे स्वतःचे तात्पुरते व्हेरिएबल, हा दुर्लक्षित कोपरा. फोर्ट्रानमध्ये अख्खा ॲरे डॉलर-व्हीमध्ये साठवा आणि सी++ च्या फ्रेममध्ये तो छापा. टाइप एका भाषेचा, छपाई दुसरीची.

एलएलडीबीत ‘फ्रेम व्हेरिएबल’ आणि ‘एक्स्प्रेशन’ यांच्या वाटा वेगळ्या आहेत. पहिला डीबग माहितीतून थेट वाचतो, दुसरा क्लँग या कंपाइलरकडून एक्स्प्रेशन कंपाइल करवतो. एक बरोबर आणि दुसरा चूक असे सहज होऊ शकते, म्हणून प्रत्येक मूल्य दोन्हींनी विचारा. प्रीटी-प्रिंटर (मूल्ये वाचनीय करून छापणाऱ्या स्क्रिप्ट) चालू आणि बंद, अशाही दोन फेऱ्या घ्या.

स्टेप, फिनिश आणि फेकलेले अपवाद

‘स्टेप’ने भाषेची सीमा ओलांडताना डीबगर मधल्या पीएलटीच्या (शेअर्ड लायब्ररीतल्या फंक्शनकडे नेणाऱ्या) कोडमध्ये अडकू नये, थेट पुढच्या भाषेतल्या पहिल्या ओळीवर पोहोचावा. मधल्या फंक्शनला ओळींची माहिती नसेल तर जीडीबी मुळात त्यावरून उडी मारतो; म्हणून फक्त सी ची फाइल ‘-जी’शिवाय कंपाइल करूनही एक फेरी घ्या आणि आतल्या कॉलबॅकवरचा ब्रेकपॉइंट तरीही लागतो का बघा. ‘फिनिश’मध्ये परत आलेले मूल्य बोलावणाऱ्याच्या भाषेत छापायचे की फंक्शनच्या, यावर मते वेगळी असू शकतात. तुमच्या डीबगरचे धोरण ठरवा आणि चाचणीत तेच लिहा.

अपवादांसाठी ‘कॅच थ्रो’ लावून कॉलबॅकमधून सी++ चा अपवाद फेका आणि बॅकट्रेस मेनपर्यंत पोहोचतो का ते पाहा. रस्ट सोबत असेल तर पॅनिकसाठी (रस्टमधल्या अनपेक्षित चुकीसाठी) रस्ट_पॅनिक या चिन्हावर ब्रेकपॉइंट लावा. इथे रस्टची आवृत्ती महत्त्वाची: ‘सी-अनवाइंड’ एबीआय १.७१ मध्ये स्थिर झाला, आणि १.८१ पासून साध्या एक्स्टर्न-सी फंक्शनमधून पॅनिक बाहेर पडू पाहत असेल तर प्रोग्राम अबॉर्ट होतो. एकाच चाचणीचे अपेक्षित उत्तर त्यामुळे आवृत्तीनुसार बदलते.

इंटरप्रीटर आणि जेआयटी (प्रोग्राम चालू असतानाच होणारे कंपाइल)

पायथनसोबत सी असेल तर दोन स्टॅक एकमेकांत गुंफलेले असतात. सीपायथनसोबत (पायथनच्या सी मध्ये लिहिलेल्या मूळ इंटरप्रीटरसोबत) येणाऱ्या जीडीबी स्क्रिप्टची ‘पाय-बीटी’ कमांड पायथनचे फ्रेम दाखवते. ३.११ पासून पायथनने पायथन फंक्शनला बोलावले तर सी चा नवा फ्रेम तयार होत नाही. इंटरप्रीटरच्या एकाच सी फ्रेममध्ये अनेक पायथन फ्रेम मावतात. जुन्या चाचण्यांत ‘इंटरप्रीटरचे जितके सी फ्रेम तितके पायथन फ्रेम’ असे गृहीत धरले असेल, तर त्या आता निरर्थक आहेत.

जावामध्ये जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारे यंत्र) सेगमेंटेशनचा सिग्नल स्वतःच्या कामासाठी वापरते. त्यावर थांबू नये, पण तो प्रोग्रामला द्यावा, असे जीडीबीला ‘हँडल’ने आधी सांगा; नाहीतर निरोगी प्रोग्रामवरही क्रॅश दिसत राहतील. जीडीबीने प्रोसेस थांबवली की आतली जेडीडब्ल्यूपीची (जावाच्या डीबगरशी बोलण्याच्या प्रोटोकॉलची) बाजूही गोठते आणि जावाचा डीबगर टाइमआउट देतो. दोन डीबगर एकत्र तपासताना हा टाइमआउट वाढवलेला असावा. गो मध्ये तसेच: १.१४ पासून गोरूटीन (गो मधले हलके थ्रेड) मधेच थांबवण्यासाठी सिगअर्ज हा सिग्नल वापरला जातो, त्यालाही हेच वळण लावा.

ऑप्टिमायझेशन

‘-ओ०’वर सगळे पास झाले की ‘-ओ२’ आणि मग एलटीओ (लिंक करताना होणारे ऑप्टिमायझेशन). इथे मूल्य ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ येणे चालते, चुकीचे मूल्य येणे चालत नाही. चाचणीचा पॅटर्न तसाच लिहा. एलटीओमुळे एका भाषेचे फंक्शन दुसऱ्या भाषेच्या फंक्शनमध्ये इनलाइन होऊ शकते, आणि त्या इनलाइन फ्रेमची भाषा कोणती दाखवली जाते, हा सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. मेनची भाषा ओळखणेही एलटीओत चुकू शकते, म्हणून ‘शो लँग्वेज’ प्रोग्राम सुरू होण्याआधी पुन्हा विचारा.

स्वयंचलित करणे आणि निकाल नोंदवणे

जीडीबीचा स्वतःचा चाचणीसंच डेजाग्नू या चाचणी चालवण्याच्या चौकटीवर चालतो आणि फोर्ट्रानच्या फोल्डरमध्ये मिश्र स्टॅकची एक चाचणी आहे. नवी चाचणी लिहिण्याआधी ती वाचावी. भाषांवर लूप चालवताना प्रत्येक फेरीला ‘विथ-टेस्ट-प्रीफिक्स’ लावा, नाहीतर सारख्या नावाच्या चाचण्या तयार होतात आणि नापास नेमके कोण झाले ते कळत नाही. एलएलडीबीत पायथनच्या एपीआय चाचण्या आणि लिट-फाइलचेक (आउटपुट पॅटर्नशी जुळवणारी साधने) अशी जोडी आहे.

स्वतःची साधी स्क्रिप्ट असेल तर एनएक्स (सुरुवातीच्या सेटिंग फाइल न वाचणे) आणि बॅच पर्याय, रुंदी आणि उंची शून्य, कन्फर्म बंद, डीबगइन्फोडी (डीबग माहिती नेटवरून आणणे) बंद, आणि लोकेल ‘सी’, एवढे ठेवा. आयडीई (कोड लिहिण्याचा संपादक) डीबगरशी एमआय किंवा डीएपी या प्रोटोकॉलने बोलतो (जीडीबीत डीएपी १४ व्या आवृत्तीपासून आहे), त्यामुळे मूल्यांची निवडक तपासणी त्या वाटेनेही करा. कन्सोलवर बरोबर छापलेला ॲरे तिथे रिकामा दिसू शकतो.

नापास झालेल्या चाचणीचे वर्गीकरण प्रामाणिकपणे करा. डेजाग्नूच्या पद्धतीत एक्सफेल म्हणजे दोष भोवतालचा, उदाहरणार्थ कंपाइलरचा. केफेल म्हणजे खुद्द डीबगरमधला माहीत असलेला दोष, आणि त्यासोबत बग क्रमांक द्यावा लागतो. सुरुवातीला वाचलेले ड्वार्फ इथे निर्णय देते: माहिती बरोबर आणि उत्तर चूक असेल तर डीबगर, माहितीच चूक असेल तर कंपाइलर.

तक्रार नोंदवताना तिन्ही कंपाइलरच्या आवृत्त्या, लिंक करण्याची पूर्ण कमांड आणि कंपाइलरने तयार केलेल्या असेंब्ली फाइल जोडा. समोरच्याकडे तुमचा फोर्ट्रान कंपाइलर असेलच असे नाही. असेंब्लीवरून मात्र त्याला त्याच ड्वार्फसह तोच दोष पुन्हा उभा करता येतो, आणि दुरुस्तीनंतर तीच फाइल थेट चाचणीसंचात ठेवता येते.